मृग, व्याध आणि काडतूस

निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीकाठी मृगव्याधेश्वराचे देऊळ आहे. रामाने मायावी मृगावर बाण सोडला तो ह्याच जागी, अशी त्या भागातील समजूत आहे. पंचवटीतून निघालेला राम एका हरणामागे इतका दूर गेला, ही गोष्ट भाविकाला देवाची लीला वाटेल. रानात हिंडलेल्या माणसाला मात्र ती ओळखीची वाटते. हरीण दिसते, थबकते, मान वळवून पाहते, पुन्हा चार उड्या घेते, आणि मागे लागलेल्याला आपण घरापासून किती लांब आलो ह्याचे भान राहत नाही. अखेर बाण सुटला आणि तो काळजात शिरला, असे वाल्मीकी सांगतो. तरीही प्राण जाण्यापूर्वी मारीचाला एक हाक मारण्याइतका अवधी मिळाला, आणि पुढचे सारे रामायण त्या हाकेतून घडले.

आपल्या प्राचीन कवींना शिकारीतले अपघात फार चांगले ठाऊक होते. दशरथाने रात्री पाणवठ्यावर नुसत्या आवाजाच्या रोखाने बाण सोडला, तो श्रावणाला लागला. पंडूने मीलनात असलेल्या मृगाला मारले, तो मृगरूपी ऋषी निघाला आणि राजाला शाप भोवला. दुष्यन्त हरणामागे रथ पिटाळीत आश्रमाच्या हद्दीत शिरला, तेव्हा तपस्व्यांनी हात वर करून त्याला थांबविले. आजच्या शिकारविषयक कायद्यांतली तीन मुख्य कलमे ह्या तीन कथांत येऊन गेली आहेत: लक्ष्य डोळ्यांनी ओळखल्याशिवाय शस्त्र चालवू नये, विणीच्या काळात शिकार करू नये, आणि राखलेल्या रानात शस्त्र घेऊन जाऊ नये. 

आज आपल्यापुढे मांडावयाचा विषय ह्याच व्याधाच्या हातातील शस्त्राचा, आणि त्यातही शस्त्रातून सुटणाऱ्या गोळीचा आहे. हरणाच्या शिकारीसाठी गोळी कशी निवडावी, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या वादाचा राहिला आहे. आणि बंदूक सोडून नुसत्या रिव्हॉल्व्हरने हरीण मारावयाचे म्हटले, तर तो वाद फारच टोकाला जातो. आपल्याकडे आता हरणाची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा ही माहिती कोणी उपयोगासाठी घेऊन जाईल अशी भीती नाही. परंतु गोळीचा इतिहास हा राज्यकर्त्यांच्या भीतीचा, कारागिरांच्या हुशारीचा आणि थोडासा माणसाच्या दयेचाही इतिहास आहे. नाशिककरांनी तर तो ऐकावाच, कारण हातात मावणारे पिस्तूल काय करू शकते हे १९०९ साली ह्याच गावाने साऱ्या देशाला दाखविले.

आरंभी शब्दांचा थोडा घोळ निस्तरला पाहिजे. आपण बोलताना काळवीट, चिंकारा, चितळ, सांबर, भेकर ह्या सर्वांना हरीणच म्हणतो. प्राणिशास्त्राला हे मान्य नाही. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळवीट आणि चिंकारा ह्यांची शिंगे जन्मभराची असतात आणि ती आतून पोकळ असतात; त्यांचे नाते गाईबैलांकडे अधिक जाते. व्याधाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक निराळाच आहे. सांबर दाट झाडीत राहते, त्यामुळे त्याच्या जवळ जाता येते, पण ते वजनाने दोनशे किलोच्याही वर भरते. काळवीट अवघे पस्तीस-चाळीस किलोचे, पण ते उघड्या माळावर राहते, चहूकडे पाहते आणि घोड्याला मागे टाकील असे पळते. एकाला जड गोळी पाहिजे, दुसऱ्याला लांबचा नेम.

लांबचा नेम नव्हता त्या काळी माळावरच्या काळविटापर्यंत पोहोचावयाचे कसे, ह्या एका प्रश्नाभोवती आपल्याकडची सारी पारधविद्या उभी राहिली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील जुन्या मराठी पदांमुळे ठाऊक असतो. परंतु त्यात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, मृगयेचे विस्ताराने वर्णन आहे आणि माणसाळविलेल्या चित्त्याकडून हरीण धरण्याचाही प्रकार आहे. ही विद्या आपल्याकडे विसाव्या शतकापर्यंत टिकली. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पदरी चित्तेवान होते. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीत बसवून माळावर नेत, काळविटांचा कळप टप्प्यात आला की पट्टी काढीत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते आणविले, पण खेळ सोडला नाही.

राजांचा हा थाट झाला. गरिबाची विद्या पारध्याजवळ होती. फासेपारधी तातीचे फासे जमिनीत खुंट्यांनी रोवून एका ओळीत मांडतो आणि कळप हळूहळू त्या बाजूला वळवितो. काही पारधी शिकविलेली गाय किंवा बैल पुढे घालून त्याच्या आडोशाने चालत. गाय चरत चरत पुढे सरके आणि हरणाला तिच्यामागचे दोन पाय दिसत नसत. ह्या लोकांना वाऱ्याची दिशा, मातीतला खूर, मोडलेले गवत आणि पाखराचा धोक्याचा बोल हे सर्व वाचता येई. इंग्रजांनी अशा विद्येच्या धन्यांना काय दिले, तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का! तो कायदेशीर शिक्का १९५२ साली पुसला गेला. लोकांच्या मनातला अजून पुरता पुसलेला नाही. शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात फासेपारध्यांना आश्रय आणि काम दिले, हा त्या काळातला ठळक अपवाद. साहेबांच्या शिकारकथांच्या ग्रंथांत बंदुकीचे नाव, गोळीचे वजन आणि शिंगांची लांबी इंचाच्या आठव्या भागापर्यंत दिलेली असते. ज्याने माग काढून साहेबाला हरणाच्या समोर नेऊन उभे केले, त्या माणसाचे नाव मात्र शोधून सापडत नाही.

बंदूक आली आणि जवळ जाण्याची गरज कमी झाली. पण ती एकदम नाहीशी झाली असे समजू नये. तोड्याच्या बंदुकीची जामगी जळत असे, तिचा वास आणि धूर हरणाला आधीच सावध करी. पावसात ती निकामी होई. पुढे ठासणीच्या बंदुका आल्या. त्यांतून निघणारी वाटोळी शिशाची गोळी शंभर पावलांपलीकडे कोठे जाईल ह्याचा भरवसा नसे. काडतूस हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, पिस्तूलही त्यांच्याकडूनच. परंतु त्या काडतुसाने आपल्या इतिहासात काय केले हे १८५७ मुळे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. ती कथा येथे सांगत नाही. आपल्याला पाहावयाचे आहे ते काडतुसाच्या टोकाला बसविलेल्या शिशाच्या तुकड्याचे पुढे काय झाले ते.

सातपुड्याच्या जंगलात काम केलेल्या जेम्स फॉर्सिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६३ साली शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या ह्याच विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशाचे त्याचे वर्णन प्रसिद्ध आहे, हे पुस्तक आता फारसे कोणी वाचीत नाही. त्याच सुमारास ‘एक्स्प्रेस’ नावाच्या रायफली निघाल्या. आगगाडीच्या वेगावरून हे नाव पडले. त्यांची गोळी हलकी, टोकाला पोकळ आणि वेगवान असे. अंगात शिरताच ती फुटून पसरे आणि हरीण जागीच कोसळे. शिकारी खूश झाले. परंतु हीच गोळी जाड कातडीच्या, मोठ्या हाडांच्या जनावरावर झाडली, की ती खांद्यावरच फुटून राही आणि जनावर मोठी जखम घेऊन झाडीत नाहीसे होई. सॅम्युअल बेकर ह्या नामांकित शिकाऱ्याने १८९० च्या आपल्या ग्रंथात ह्या पोकळ गोळ्यांवर कडक टीका केली. जड, भरीव, मऊ शिशाची गोळी वापरा, ती पसरेल पण फुटणार नाही, असे त्याचे मत. पसरणारी गोळी की आरपार जाणारी गोळी, हा वाद तेव्हापासून आजपर्यंत मिटलेला नाही. मुंबईत १८८३ साली निसर्ग इतिहास मंडळ स्थापन झाले, त्याच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले गृहस्थ होते. त्या मंडळाच्या नियतकालिकातही शिकाऱ्यांच्या ह्या भांडणाचे पडसाद उमटत राहिले.

पसरणाऱ्या गोळीची दुसरी एक बाजू आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयातला तोच सर्वांत विचार करावयास लावणारा भाग आहे. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत इंग्रज सैन्याची अशी तक्रार आली, की नव्या .३०३ रायफलीची टणक आवरणाची गोळी माणसाच्या आरपार जाते, पण माणूस थांबत नाही. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रशाळेत कॅप्टन बर्टी-क्ले ह्याने टोकाशी मऊ शिसे उघडे ठेवलेली गोळी बनविली. ती अंगात शिरताच छत्रीसारखी पसरे. जगाच्या सर्व भाषांत ‘डमडम’ हा शब्द गेला तो आपल्या ह्या गावावरून. ह्या गोळीने युरोपात इतका गहजब झाला, की १८९९ साली हेग येथे जमलेल्या राष्ट्रांनी युद्धात पसरणाऱ्या गोळ्या वापरू नयेत असे जाहीर केले. इंग्लंडने त्यावर मान तुकविली ती १९०७ साली.

आता मौज पाहा. माणसावर जी गोळी क्रूर ठरली, तीच गोळी हरणावर दयेची समजतात. देशोदेशींच्या शिकारकायद्यांत टणक आवरणाच्या लष्करी गोळीने हरीण मारण्यास मनाई आढळते, कारण अशी गोळी बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर मैलभर पळून कोठेतरी झुरत मरते. सैनिकाच्या बाबतीत समजूत अशी, की तो जखमी झाला म्हणजे लढाईतून बाद झाला, त्याला उचलून दवाखान्यात नेता येते, त्याने जगावे. हरणाला दवाखाना नाही. त्याने लगेच मरावे हीच त्याच्यावरची दया. तर्क बिनतोड आहे. पण दोन्हीकडे गोळी झाडणारा आपणच, आणि दयेचा अर्थ ठरविणाराही आपणच, एवढे विसरून चालत नाही.

आता हातातल्या शस्त्राकडे वळू. सॅम्युअल कोल्टने फिरत्या पेटीच्या पिस्तुलाचा हक्क १८३५-३६ मध्ये नोंदविला. इंग्लंडात अॅडम्स आणि पुढे वेब्ली ह्यांनी आपापले नमुने काढले. १८५७ च्या धामधुमीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला ही रिव्हॉल्व्हरे होती. शिकारीत मात्र त्यांचा उपयोग आपल्या देशात जवळजवळ झालाच नाही. एक अपवाद अंबारीतल्या पिस्तुलाचा. वाघ हत्तीवर चढून आला, की लांब बंदूक फिरविण्यास जागा नसे, म्हणून साहेब लोक दोन नळ्यांचे, बंदुकीएवढ्या जाड गोळीचे आखूड पिस्तूल जवळ ठेवीत. हे शस्त्र शिकारीचे नव्हे, जीव वाचविण्याचे. कारण सरळ आहे. रिव्हॉल्व्हर जन्मले तेच मुळी दहा पावलांवरच्या माणसासाठी. इंग्रज सैन्याच्या .४५५ वेब्लीची गोळी २६५ ग्रेनांची, म्हणजे आपल्या सोनाराच्या मापाने जवळजवळ दीड तोळ्याची असे, पण तिचा वेग सेकंदाला सहाशे फुटांच्या आसपासच. जवळच्या माणसाला ती पाडी, पन्नास यार्डांवरच्या चितळाला नुसते पळवून लावी.

दहा पावलांवरच्या माणसासाठी, असे म्हटले की नाशिककरांना विजयानंद नाट्यगृहाची आठवण व्हावयाचीच. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री तेथे ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता, बदली झालेले कलेक्टर जॅक्सन प्रेक्षक म्हणून आले होते, आणि अनंत कान्हेरे ह्या तरुण विद्यार्थ्याने त्यांच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन ह्यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यात दडवून जी वीस पिस्तुले पाठविली होती, त्यांपैकी हे एक. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे ह्या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. हा इतिहास आपल्यापुढे अनेकांनी अधिकाराने मांडला आहे. मला त्यातला एकच धागा घ्यावयाचा आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे बंद झाले होते, युरोपियनाला मोकळीक होती. तो कायदा रद्द करा अशी मागणी काँग्रेसच्या ठरावांतून वर्षानुवर्षे होत राहिली. लांब बंदूक लपत नाही, पिस्तूल लपते. म्हणून सरकारला बंदुकीपेक्षा पिस्तुलाचा धसका अधिक होता. सैन्याची काडतुसे चोरून खाजगी बंदुकीत घालता येऊ नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी .४५० मापाच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली, आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांना आपल्या देशातील गिऱ्हाइकांसाठी .४७० वगैरे नवी मापे काढावी लागली. मोठ्या शिकारीची ही नामांकित काडतुसे हत्तीच्या आकारामुळे जन्मली असे शिकारी समजतात. त्यांच्या जन्माला सरकारची भीतीही तितकीच कारण झाली.

स्वराज्य आले, १९५९ चा नवा हत्यार कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. गोरे-काळे हा भेद गेला. पण सैन्याच्या आणि पोलिसांच्या काडतुसाशी जुळणारे माप सामान्य नागरिकाला द्यावयाचे नाही, हे जुने धोरण राहिले. म्हणूनच आपल्याकडे परवानाधारकाजवळ बहुधा .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि .३१५ ची रायफल दिसते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, कानपूरला रिव्हॉल्व्हरे होतात. करण्याची ऐपत नाही असे नव्हे. .३२ ची गोळी साधारण ९८ ग्रेनांची, अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त. तिचा जोर शंभर-सव्वाशे फूट-पौंड. अशा रिव्हॉल्व्हरने हरीण मारू म्हणणे म्हणजे हरणाला हालहाल करून मारणे होय, ह्याबद्दल जाणकारांत दुमत नाही.

मग रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार करण्याची कल्पना आली कोठून? ती अमेरिकेची. तेथे जनावरे सरकारने राखावी, मोसमात परवाना काढून ठरावीक संख्येने मारू द्यावी, अशी पद्धत रुजली. आणि कमरेला रिव्हॉल्व्हर लावून हिंडणाऱ्या लोकांना ह्याच शस्त्राने आपली परीक्षा पाहण्याची हौस वाटू लागली. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३५ साली .३५७ मॅग्नम काढले, तेव्हा त्या घराण्यातील मेजर डग्लस वेसन स्वतः ते घेऊन मोठी जनावरे मारीत फिरला. त्यात शिकार किती आणि जाहिरात किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. खरा ध्यास घेतला तो आयडाहो प्रांतातील एल्मर कीथ ह्या गुराख्याने. तो १९२० नंतरच्या काळापासून .४४ च्या काडतुसात अधिकाधिक जोराची दारू भरून पाहत होता. त्याच्या आग्रहाचा परिणाम म्हणून १९५५-५६ मध्ये .४४ मॅग्नम बाजारात आले. २४० ग्रेनांची, म्हणजे सव्वा तोळ्याहून अधिक वजनाची गोळी आणि तेराशे-चौदाशे फुटांचा वेग; जोर हजार फूट-पौंडांच्या घरात. आपल्या .३२ च्या आठ-नऊ पट! कीथची गोळी टोकाला चपटी आणि टणक असे, ती पसरत नसे, पण पुरत्या रुंदीचे भोक पाडीत खोल जाई. दुसरा पक्ष पोकळ टोकाच्या पसरणाऱ्या गोळीचा. म्हणजे बेकरसाहेबांचे १८९० चे भांडण अमेरिकेत रिव्हॉल्व्हरच्या रूपाने पुन्हा उभे राहिले. वेग कमी असला तर पोकळ टोक मातीने भरावे तसे केसांनी आणि कातड्याने भरून बंद होते आणि गोळी मुळी पसरतच नाही, असा अनुभव आल्यावर मोठ्या हरणासाठी अनेकांनी कीथचा मार्ग धरला. लहान, हलक्या हरणाला पसरणारी आणि मोठ्या हाडांच्या जनावराला जड, चपटी, असा एक व्यवहारी तोडगा निघाला आहे.

परंतु गोळी निवडली म्हणजे तयारी झाली असे नाही. रिव्हॉल्व्हरच्या पुढच्या आणि मागच्या माशीत अंतर सुमारे वीस सेंटिमीटर. नेम धरताना त्या माशीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर पन्नास मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर सरकते. काळविटाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून मर्माची जागा तळहाताहून फार मोठी नाही. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने हरीण मरण्याऐवजी जखमी होते. लांब रायफलीत हीच चूक चार सेंटिमीटरवर निभावते. ह्यामुळे जाणते लोक मोसमाआधी महिनोन्‌महिने, ज्या काडतुसाने शिकार करावयाची त्याच काडतुसाने, नेमाचा सराव करतात. स्वस्त हलक्या काडतुसावर हात बसवून आयत्या वेळी जड काडतूस घातले तर नेम चुकतो. ह्यात एक गंमत आहे. जड गोळी खाली लागेल असे आपल्याला वाटते, पण जवळच्या पल्ल्यावर रिव्हॉल्व्हरमध्ये ती बहुधा वर लागते, कारण ती नळीतून बाहेर पडेपर्यंत धक्क्याने नळी उचलली गेलेली असते. धक्क्याने आणखी एक खोड होते: पेटीतल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या सैल असतील तर त्या पुढे सरकतात आणि पेटी फिरतच नाही. म्हणून काडतुसाची कड गोळीवर घट्ट दाबलेली आहे की नाही हे आधी पाहून ठेवतात.

एवढे करून अखेरचा नियम राहतोच: पन्नास यार्डांच्या पलीकडे सहसा चाप ओढावयाचा नाही, हरीण आडवे आणि स्थिर उभे असल्यावाचून ओढावयाचा नाही, आणि टेकू मिळाल्यावाचून ओढावयाचा नाही. बार झाल्यावर लगेच धावावयाचे नाही. अर्धा तास बसून राहावयाचे, मग रक्ताचा माग काढावयाचा. फेसाळ लाल रक्त असले तर गोळी फुप्फुसात, काळसर असले तर काळजाच्या खाली यकृतात. पन्नास यार्डांपर्यंत जावयाचे म्हणजे वारा ओळखा, सावली ओळखा, तासन्‌तास हलू नका. जे आमच्या पारध्याला आईच्या दुधाबरोबर मिळत होते, ते हजार फूट-पौंडांचे शस्त्र घेऊनही अमेरिकन गृहस्थाला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले!

आणि इतकी काळजी घेऊनही काही हरणे जखमी होऊन हातची जातात. प्रामाणिक शिकारी हे कबूल करतात. आपल्या पूर्वजांनी हे आकाशात लिहून ठेवले आहे असे मला नेहमी वाटते. हिवाळ्याच्या रात्री पूर्वेला मृग उगवतो, त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेला असतो, आणि मागोमाग तेजस्वी व्याध येतो. बाण लागला आहे, मृग पडलेला नाही, व्याध मागेच आहे.

शिकार सोडून देण्याची परंपराही आपल्याच मातीत आहे. १८८२ साली सोपारे येथे पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो आठव्या लेखाचा. पूर्वीचे राजे मृगयेच्या यात्रा करीत, मी धर्मयात्रा करतो, असा त्या लेखाचा आशय. चौदा लेखांपैकी नेमका मृगयात्यागाच्या लेखाचा तुकडा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रथम हाती यावा, हा योगायोग मोठा सुंदर आहे. अशोकानंतर दोन हजार वर्षे राजांनी शिकार केलीच, हा भाग वेगळा.

इंग्रजी अमलात १९१२ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याने विणीच्या काळाला बंदी घातली. मुंबई राज्याने १९५१ साली स्वतःचा कायदा केला. ते कायदे कागदावर राहिले आणि युद्धानंतर स्वस्त झालेल्या जीपगाड्या व रात्रीचे प्रखर दिवे ह्यांनी माळ रिकामे केले. जीपमधून दिवा टाकून काळवीट मारणे ह्याला शिकार म्हणणे म्हणजे त्या शब्दाचा अपमान आहे. सुरगुजाकडील कोरिया संस्थानच्या राजाने १९४७ साली मारलेले तीन चित्ते हे देशातले शेवटचे समजले जातात. १९५२ साली तो प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. काळविटाचा हजारो वर्षांचा पाठलाग करणारा असा काळविटाच्या आधी संपला. सप्टेंबर २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात सोडले, ते आता येथल्या चितळांवर जगावयास शिकत आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकारीचे परवानेही बंद झाले.

आपल्या जिल्ह्यात ह्या कायद्याचे फळ पाहावयाचे असेल तर येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर जावे. तेथील काळविटांच्या रानाला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. उन्हाळ्यात कळप पाण्यासाठी भटकतात, तेव्हा त्यांना बंदुकीपेक्षा कुत्री, रस्त्यावरची वाहने आणि कठडा नसलेल्या विहिरी ह्यांची भीती अधिक असते. आणि पीक उभे असताना ते शेतात शिरतात, तेव्हा शेतकऱ्याला अशोकाचा लेख वाचून दाखविण्यात अर्थ नसतो. राज्य सरकारने २०१५ साली रोही आणि रानडुक्कर ह्यांनी पिकाचा नाश केल्यास वनखात्याच्या परवानगीने त्यांना मारण्यासंबंधी आदेश काढला. काळवीट त्यात नाही, त्याच्याबद्दल शेतकऱ्याने नुकसानभरपाईचा अर्ज करावयाचा. परंतु रोही दोनशे किलोच्या वर भरणारे जनावर आहे. त्याला परवानगीने मारावयाचे, तर ते कोणी, किती पावलांवरून, आणि कोणत्या वजनाच्या गोळीने, हे कोणीतरी ठरवावेच लागते. गावातल्या ज्या माणसाजवळ परवाना असतो, त्याच्याजवळ बहुधा बारा बोअरची जुनी बंदूक किंवा घरच्या रक्षणासाठी घेतलेले .३२ असते, आणि ज्याच्याजवळ माग काढण्याची विद्या होती, त्या पारध्याच्या नातवाला तिचा उच्चार केला तरी पोलीस दारात येतील अशी धास्ती असते.